मानशीची फळी

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीची सायंकाळ. माटोळीच्या फळांचा वास ओसरीपर्यंत येत होता, समयांच्या वाती नुकत्याच वर सारल्या होत्या, आणि आमच्या मूळ घराच्या चौकात घुमटांनी अशी दाटी केली होती की बाहेरचा पाऊसही ऐकू येऊ नये. घुमटांवर घरची तरुण मुले, शामेळावर वाड्यावरचे वृद्ध आबा, आणि कांसाळे आमच्या हाती. आम्ही संगीतज्ञ नव्हे. परंतु वयाच्या दहाव्या वर्षापासून हे कांसाळे आमच्याकडे आहे, आणि फोंड्याच्या कोर्टात आमच्याविषयी कोणी काहीही बोलो, या घरात आमच्या तालाविषयी आजवर कोणी शंका घेतली नव्हती. त्या सायंकाळी ती घेतली गेली.

तिसऱ्या आरतीला आम्हाला धाप लागली. चौथीला डोळ्यांपुढे अंधारी आली. कांसाळे पुतण्याच्या हाती देऊन आम्ही खांबाला टेकून बसलो. आरत्या संपल्यावर आबा जवळ आले आणि काहीएक न विचारता त्यांनी आमचे मनगट धरले. दुसऱ्या हाताची बोटे मांडीवर टेकवून ते नाडीबरोबर मात्रा मोजू लागले. मोजल्या, सोडल्या, पुन्हा मोजल्या, पुन्हा सोडल्या. अखेर मान हलवून म्हणाले, "वकीलबाब, हाका ताळ ना."

"पाहुण्यांची धावपळ झाली, आबा. चुकत असेल थोडा," आम्ही म्हटले.

"चुकता तें वेगळें. चुकीकूय ताळ आसता. हांगा ताळच ना."

वकील मनुष्याला दोष दाखविला की तो प्रथम अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढतो. आबा डॉक्टर नव्हते, आणि हा मुद्दा आमच्या ओठांवर आलाही होता. परंतु त्यांनी सांगितले ते सत्य होते व ते आम्हाला पूर्वीच ठाऊक होते. म्हणूनच आम्ही गप्प राहिलो. चुकण्यालाही एक क्रम असतो, प्रत्येक चौथा ठोका गळत असेल तर त्या गळण्यालाही ताल म्हणता येईल, पण आमच्या मनगटात कसलाच क्रम उरलेला नाही, एवढे निदान एका शामेळ वाजविणाऱ्याने बोटांनी केले. पुढे कळले की वैद्यकाच्या ग्रंथांतही या नाडीचे वर्णन असेच करतात. ती अनियमित असते, आणि तिच्या अनियमितपणातही नियम नसतो.

वाचकांपाशी कबुलीजबाब देण्यास हरकत नाही. हे प्रकरण आठ महिन्यांचे जुने होते. जानेवारीत एका साक्षीदाराचा उलटतपास घेत असताना छातीत कोणी ओले फडके पिळून झटकावे तसे झाले, तासाभराने थांबले. मग ते पंधरवड्याने येऊ लागले, मग आठवड्याने. आणि मृगाच्या पावसानंतर केव्हातरी ते थांबेनासे झाले. आम्ही घरी बोललो नाही. स्वतःशी मात्र रोज बोललो, आणि कोर्टात जे बोलतो तेच बोललो. पुढची तारीख मागितली. ही सुनावणी संपू दे, मग दाखवू. मे महिन्याची सुटी लागू दे, मग. चतुर्थी होऊ दे, मग.

याला क्षमा नव्हती, कारण आमच्या घरात हा दाखला पूर्वीच झालेला होता. आमचे तीर्थरूपही वकील होते. त्यांची नाडी चंचल आहे असे गावच्या वैद्यांनी त्यांना एकदा सांगितले होते. त्यावर, वकिलाची नाडी स्थिर असली तर अशील त्याला फी देणार नाही, असे म्हणून ते हसले होते. त्यांच्या सदुसष्टाव्या वर्षी एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा पडला. उजवे अंग गेले, आणि वाचा गेली. चाळीस वर्षे शब्दांवर संसार चालविलेला हा मनुष्य पुढची तीन वर्षे एकाच शब्दावर जगला. तो शब्द 'बरें'. भूक लागली तरी बरें, दुखले तरी बरें, आम्ही पायांशी बसून रडलो तरी बरें. मनगटातल्या चंचलतेचा आणि जिभेवरून गेलेल्या शब्दांचा काही संबंध असेल, हे तेव्हा घरात कोणाच्या मनातही आले नाही.

तो संबंध आम्हाला डॉक्टरांनी समजावून सांगितला. चतुर्थीच्या विसर्जनानंतर दोन दिवसांनी आम्ही पणजीस जाऊन हृदयाचा आलेख काढून घेतला. कागदावरच्या रेषेकडे पाहून त्यांनी विचारले, "किती दिवस झाले?" आम्ही सांगितले, "आठ महिने." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. न्यायाधीशाने असा चष्मा काढून ठेवला की निकाल कोणत्या बाजूला जाणार हे आम्ही ओळखतो.

विकाराचे नाव एट्रिअल फिब्रिलेशन. हृदयाच्या चार कप्प्यांपैकी वरच्या दोहोंना आपल्या भाषेत अलिंद म्हणतात. अलिंद म्हणजे दाराबाहेरची ओसरी. बाहेरून येणारे रक्त प्रथम ओसरीवर येते, मग खालच्या निलयात जाते, आणि तेथून सर्वांगाला पोहोचते. निरोगी हृदयात उजव्या अलिंदाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका लहानशा गाठीतून ठोक्याची आज्ञा निघते. ही गाठ १९०७ साली कीथ आणि त्यांचा विद्यार्थी फ्लॅक यांनी दाखवून दिली. त्या आज्ञेने ओसरी एकदम आकुंचन पावते, क्षणभराने निलय. मिनिटाला सत्तर-बहात्तर वेळा, दिवसाला सुमारे एक लाख वेळा. आमच्या विकारात ओसरीवर शेकडो आज्ञा एकाच वेळी फिरत राहतात, मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे. ओसरी आकुंचन पावत नाही, नुसती थरथरते. निलयाच्या दारावर सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने १९०६ साली वर्णिलेली दुसरी गाठ पहारा करते. ती यांतल्या बहुतेक आज्ञा परत पाठविते म्हणून मनुष्य जगतो. पण ज्या आत जातात त्या कोणत्याही क्रमाने जातात. आबांना जे लागले ते हेच.

अलिंदाची ही थरथर विल्यम हार्वी यांनी मरणोन्मुख प्राण्यांच्या हृदयात डोळ्यांनी पाहिली होती. त्यांचा ग्रंथ १६२८ चा. परंतु जिवंत माणसाच्या विस्कळित नाडीमागे हीच थरथर आहे हे सिद्ध होण्यास १९०९ साल उजाडावे लागले. लायडनच्या आइंटहोव्हेन यांनी हृदयाची वीज कागदावर उतरविणारे यंत्र सिद्ध केले होते, ज्याबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या यंत्राच्या साह्याने लंडनच्या टॉमस लुईस यांनी आणि व्हिएन्नाच्या रोथबर्गर व विंटरबर्ग यांनी हा पुरावा दाखल केला.

आता तीर्थरूपांची गोष्ट. डाव्या अलिंदाला कानाच्या पाळीसारखी एक लहान पिशवी आहे. ओसरी नीट आकुंचन पावेनाशी झाली की त्या पिशवीत रक्त साचून राहते, साचलेले रक्त गोठते, आणि एखादे दिवशी ती गुठळी सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावाच्या दीर्घ पाहणीत असे दिसले की हा विकार असलेल्यांना पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. डॉक्टर हे सांगत असता आम्हाला वस्तरा पडल्याचा आवाज ऐकू आला.

आम्ही त्यांना विचारले की ही ओसरी मुळात बिघडते कशाने? ते म्हणाले, "मिठाचे दरवाजे बिघडतात." आम्ही चमकलो, कारण मिठाच्या दरवाजांविषयी आम्ही थोडे जाणून होतो. त्यांच्यावर आम्ही एक दावा चालविला होता.

गोव्याच्या वाचकांना खाजन जमीन सांगावयास नको. बेळगाव-इंदूरच्या वाचकांसाठी सांगतो. मांडवी-जुवारीच्या काठची कित्येक शेते भरतीच्या पातळीखाली आहेत. आमच्या पूर्वजांनी चिखलमातीचे बांध घालून ती खाडीपासून सोडविली आणि त्यांत कोरगुट भात पिकविले. बांधात जागोजाग लाकडी दरवाजे असतात. त्यांना मानस म्हणतात. मानशीला पहारेकरी लागत नाही. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तिच्या फळ्या मिटतात; ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. खारे बाहेर, गोडे आत, आणि दोहोंमध्ये योग्य वेळी उघडणारी व योग्य वेळी मिटणारी एक फळी. सगळे शेत त्या फळीवर उभे असते.

हृदयाची पेशीही अशीच खाजन आहे. बाहेर सोडियम पुष्कळ, आत थोडे. आत पोटॅशियम पुष्कळ, बाहेर थोडे. आणि कॅल्शियम तर विश्रांतीच्या वेळी बाहेर आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट. या विद्युद्भारित कणांना आयन म्हणतात. पेशीच्या पातळ आवरणात प्रत्येक आयनाची निराळी मानस आहे. शास्त्रज्ञ तिला चॅनल म्हणतात. ती पाण्याच्या दाबाऐवजी विजेच्या दाबाने उघडते व मिटते, आणि उघडली की क्षणात हजारो आयन आत-बाहेर होतात.

हृदयाला कॅल्शियम लागते हे कळले तेही पाण्याच्या गफलतीतून. लंडनचे सिडनी रिंगर बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून चालवीत होते. नुसत्या मिठाच्या पाण्यात ते छान चालते असे त्यांनी १८८२ साली छापले. नंतर त्यांच्या ध्यानी आले की आपण वापरले ते पाणी ऊर्ध्वपातित नव्हते. ते नळाचे होते, आणि त्यात चुन्याचा अंश होता. शुद्ध पाणी घेताच ठोके बंद पडले. कॅल्शियम घालताच पुन्हा सुरू झाले. १८८३ साली त्यांनी आपली चूक जाहीरपणे छापली. स्वतःच्याच पुराव्यातील उणीव स्वतः उघड करणारा साक्षीदार आम्हाला वकिलीत फार थोड्या वेळा भेटला आहे. त्यामुळे या गृहस्थांविषयी आम्हाला मोठा आदर वाटतो.

हे दरवाजे खरोखर आहेत याचा पुरावा मात्र सावकाश गोळा झाला. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ साली माकूल माशाच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून आयनांच्या ये-जा करण्याचे गणित मांडले. एकेका दरवाजाची उघडझाप प्रत्यक्ष नोंदविली ती नेहर आणि साकमन यांनी, १९७६ साली. पहिल्या जोडीला १९६३ चे व दुसरीला १९९१ चे नोबेल मिळाले.

एका ठोक्यात काय घडते ते असे. आज्ञा आली की सोडियमच्या मानशी उघडतात आणि क्षणार्धात पेशीचा विद्युद्दाब उलटतो. त्या दाबाने कॅल्शियमच्या मानशी उघडतात व थोडे कॅल्शियम आत येते. ते थोडेसे कॅल्शियम म्हणजे नुसती चिठ्ठी. पेशीच्या पोटात कॅल्शियमचे एक कोठार आहे, त्याला स्वतःचे दार आहे. चिठ्ठी पोहोचली की ते दार उघडते, कोठारातले कॅल्शियम बाहेर येते आणि तंतू आखडतात. मग पोटॅशियमच्या मानशी उघडून विजेची घडी पूर्ववत् बसवितात, आणि पंप कॅल्शियम उपसून पुन्हा कोठारात भरतात. एवढे होईपर्यंत पेशी नवी आज्ञा घेत नाही. हा तिचा विरामकाल. शामेळावर दोन थापांमध्ये जी रिकामी जागा असते तिनेच ताल होतो. तशी ही जागा आहे म्हणून ठोका ठोका राहतो.

आता आमच्या दाव्याची गोष्ट सांगितली पाहिजे. खाडीकाठच्या एका गावी मानशीवरच्या मासेमारीचा हक्क दरवर्षी पावणीला निघतो. ज्याने पावणी घेतली त्याने मासळीच्या लोभाने भरतीच्या वेळी फळी किंचित उचलून ठेवावयास सुरुवात केली. फार नाही, चार बोटे. खारे पाणी आत येई, त्याबरोबर सुंगटे येत, आणि ओहोटीला तोंडाशी लावलेल्या जाळ्यात सापडत. शेतकऱ्यांनी दावा लावला. आम्ही पावणीदाराचे वकील होतो. बाजू दुबळी होती. तेव्हा दुबळ्या बाजूचा वकील करतो ते आम्ही केले. तारखा घेतल्या. कधी साक्षीदार आजारी, कधी कागद यावयाचा. चार वर्षे गेली. तोवर त्या चार बोटांच्या फटीतून शिरणाऱ्या वेगाने बांधाचा पाया पोखरला गेला, एका अमावास्येच्या भरतीला बांध फुटला, आणि शेत खाडीचे झाले. त्यात खारफुटी उगवली. निकाल शेतकऱ्यांसारखा लागला तेव्हा खारफुटी पुरुषभर उंच झाली होती. आणि खारफुटी तोडावयास आता कायद्याने बंदी आहे. अन्याय म्हणून जे आत शिरले होते ते अखेर संरक्षित झाले. आम्ही आमची फी घेतली होती.

डॉक्टरांनी बिघाड सांगावयास आरंभ केला तेव्हा आम्हाला तेच शेत दिसू लागले. कोठाराचे दार झिजते. ठोका नसताना, विश्रांतीच्या काळात, त्याच्या फटीतून कॅल्शियम झिरपते. या विकाराच्या रोग्यांच्या अलिंदातील पेशी तपासता ही गळती या शतकातील संशोधकांना प्रत्यक्ष आढळली आहे. झिरपलेले कॅल्शियम पेशी बाहेर टाकू पाहते; पण तो व्यवहार असा की एक कॅल्शियम बाहेर टाकावयाचे तर तीन सोडियम आत घ्यावे लागतात. कॅल्शियमच्या आयनावर दोन भार, तीन सोडियमवर मिळून तीन. प्रत्येक सौद्यात एक भार आत उरतो. असे भार साचले की कोणीही आज्ञा दिलेली नसता पेशी आपण होऊन ठोका देते. आगंतुक ठोक्यांचे मोठे उगमस्थान फुप्फुसांकडून डाव्या अलिंदात येणाऱ्या शिरांच्या मुखाशी असते, हे १९९८ साली फ्रान्समधील बोर्दो येथील हायसागेर यांनी दाखवून दिले. त्या शिरांवर हृदयाच्या स्नायूचे अस्तर चढलेले असते, आणि ठिणगी तेथे पडते.

पण एक ठिणगी पडली म्हणून घर जळतेच असे नाही. पुढे जे होते ते आम्हाला सर्वांत लागले. अलिंद इतक्या वेगाने उडू लागले की प्रत्येक उघडझापीत आत येणारे कॅल्शियम साचू लागते. अति कॅल्शियम पेशीला मारक. म्हणून ती स्वसंरक्षणासाठी आपल्या कॅल्शियमच्या मानशीच कमी करते. कॅल्शियम कमी आले की विजेची प्रत्येक लाट आखूड होते, लाट आखूड झाली की विरामकाल आखूड होतो, आणि विरामकाल आखूड झाला की भटकणाऱ्या लाटांना फिरावयास पूर्वीपेक्षा अधिक वाव मिळतो. पेशीने जीव वाचविण्यासाठी केलेली तडजोड विकाराला वतन लिहून देते. नेदरलंड्समधील मास्ट्रिख्ट येथे विज्फेल्स, आलेसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली बकऱ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. प्रारंभी कृत्रिम रीतीने ही थरथर सुरू केली तर ती काही सेकंदांत आपोआप थांबे. ती पुन्हा पुन्हा सुरू करीत राहिले तेव्हा एक-दोन आठवड्यांत बहुतेक बकऱ्यांत ती चोवीस तासही थांबेना. त्यांचा निष्कर्ष असा की थरथरच थरथरीला जन्म देते.

आमच्या व्यवसायात याला वहिवाट म्हणतात. दुसऱ्याच्या जमिनीत उघडपणे बारा वर्षे बसून राहिलेल्या मनुष्याला हुसकावण्याची मुदत कायदा संपवून टाकतो. मूळ मालक झोपला, हा त्याचा दोष. शरीराची मुदत बारा वर्षांची नसते. पहिल्या काही दिवसांतच विरामकाल आखूड होतो. महिने-वर्षे गेली की अलिंद ताणले जाते आणि स्नायूंच्या मधूनमधून तंतुमय जाळी माजते. ही त्या शेतातली खारफुटी. दरवाजे पुन्हा दुरुस्त होऊ शकतात. खारफुटी सहसा हटत नाही. आठ महिने आम्ही स्वतःच्याच विरुद्ध पावणीदाराची बाजू लढवीत होतो, आणि प्रत्येक तारीख जिंकत होतो.

"मग आता?" आम्ही विचारले. डॉक्टर म्हणाले, "आता तहकुबी नाही."

उपचारांचा इतिहासही एका हिशेबी माणसापासून सुरू होतो. १९१२ साली वेंकेबाख या हृदयतज्ज्ञांकडे एक डच व्यापारी आला. आपली नाडी बिघडते ती मी एक ग्रॅम क्विनीन घेऊन पंचवीस मिनिटांत ठिकाणावर आणतो, असे त्याने सांगितले व दुसऱ्या दिवशी ते करून दाखविले. हिवतापाचे औषध हृदयाला कसे लागू पडते हे तेव्हा कोणास कळेना. वेंकेबाख यांनी ते १९१४ साली लिहून ठेवले. १९१८ साली फ्राय यांनी क्विनीनचेच भावंड क्विनिडीन अधिक गुणकारी ठरविले. ते सोडियमच्या व पोटॅशियमच्या मानशींवर काम करते, हे कळावयास पुढे अनेक दशके लागली. आज कोणते औषध सोडियमच्या दरवाजावर, कोणते पोटॅशियमच्या, हे ठाऊक आहे. निलयाच्या दारावरची तावारा यांची गाठ कॅल्शियमच्या मानशींवर चालते. म्हणून त्या मानशी थोड्या आवरणारे, फ्रायबुर्गच्या फ्लेकेनश्टाइन यांनी १९६० च्या दशकात ज्याचे मर्म उलगडले ते व्हेरापामिल, गाठीला अधिक कडक पहारेकरी बनविते. परंतु हीच औषधे चुकीच्या माणसाला दिली तर नवा बेताल उत्पन्न करतात; एका शेताची मानस दुरुस्त करताना शेजारचे बुडविण्यासारखे. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची.

आम्हाला प्रथम रक्त गोठण्यास आळा घालणारी गोळी सुरू झाली. तीन आठवडे ती नियमाने घेतल्यावाचून पुढचे पाऊल टाकता येत नाही, कारण थरथर थांबून अलिंद एकदम आकुंचन पावले तर पिशवीत बसलेली जुनी गुठळी सुटावयाची. वाढलेला रक्तदाब अलिंदाला ताणतो, म्हणून त्यावर औषध आले, आणि रात्री उशिरापर्यंत कागद वाचण्याची सवय गेली. तीन आठवड्यांनी भुलीच्या दोन-चार मिनिटांत विजेचा एक धक्का देण्यात आला. सगळ्या भटक्या लाटा एकदम शांत झाल्या, आणि गाठीने पुन्हा आज्ञा दिली. जागे झाल्यावर आम्ही डोळे उघडण्यापूर्वी मनगट चाचपले.

हा पूर्ण विजय नव्हे, हे आम्ही जाणतो. माघ महिन्यात एक दिवस पुन्हा तो बेताल आला. या वेळी आम्ही त्याच सायंकाळी डॉक्टरांकडे गेलो. औषध बदलले. पुढे जरूर पडली तर शिरांच्या मुखाशी बारीक डाग देऊन ठिणगीची वाट बंद करावयाची, असे ठरले आहे. मास्ट्रिख्टच्या त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली होती, आणि तिच्यावर आमची भिस्त आहे. बकऱ्यांचा ताल पूर्ववत् राहू दिला तेव्हा आखूड झालेला विरामकाल सुमारे आठवड्याभरात पुन्हा मूळ लांबीवर आला. थरथरीची जशी सवय लागते तशी तालाचीही लागते. मात्र खारफुटी वाढण्यापूर्वी.

मध्यंतरी आणखी एक पावणीदार फळीच्याच प्रकरणात आमच्याकडे आला. त्याला आम्ही सांगितले, "फळी उद्याच्या भरतीपूर्वी खाली टाका, मग तुमचे वकीलपत्र घेऊ." तो दुसऱ्या वकिलाकडे गेला. आमच्या पत्नीने हे ऐकून एवढेच म्हटले की हा उपचार डॉक्टरांच्या कागदावर नव्हता, पण मानवलेला दिसतो.

यंदाच्या चतुर्थीला कांसाळे पुतण्याकडेच राहिले. ते त्याला चांगले साधले आहे. आम्ही खांबाशी बसून ऐकत होतो. आरत्या संपल्यावर आबा आले, मनगट धरले, आणि बोटे मांडीवर टेकवून मोजू लागले. एक आवर्तन झाले, दुसरे झाले. ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या आवर्तनाला त्यांनी नुसती समेवर मान हलविली. मग आम्ही त्यांचा हात हातात घेतला आणि त्यांची नाडी मोजली. घरातल्या वडीलधाऱ्या सगळ्यांची त्या रात्री मोजली. तीर्थरूपांच्या तसबिरीखाली बसूनच मोजली. एका मिनिटाचे काम, पण त्यांच्या हयातीत ते आम्हाला सुचले नव्हते.